मिठाच्या बरणीला एक रबर

आधीच सांगून ठेवतो. ज्यांना भूत म्हटलं की पडका बंगला, मोकळे केस आणि उलटे पाय लागतात, त्यांनी इथेच थांबावं. यात तसलं काही नाही.

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मामासोबत घडली. आणि रात्री नाही, भर दुपारी. मंगळवारी, चार वाजता, दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वच्छ, भरपूर उजेडाच्या घरात.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहिलं. मामानेही नव्हता ठेवला.

मामा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पंचवीस वर्षं झाली. हाताला गुण आहे, पण जिभेला हाड नाही. गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या लेखी दोन पायांचं गाढव. एका वकिलाला त्याने तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, प्लग लावल्याशिवाय मशीन चालू होत नाही. पाहिजे तर कोर्टात सिद्ध करून देतो." वकील परत आला नाही. मामाला त्याचं काही नव्हतं. जगात गाढवं कमी नाहीत, असं तो म्हणायचा.

त्याचे दोन कायदे होते. पहिला, गिऱ्हाईकाचं ऐकायचं नाही. ऐकलं की पाल्हाळ सुरू होतं.

दुसरा, मशीन मध्येच अडकत असेल तर फार डोकं लावायचं नाही. सी ड्राइव्ह फॉरमॅट मारायचा, विंडोज नवीन टाकायचं, हात झटकून मोकळं व्हायचं. "सी मशीनचा, डी माणसाचा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणजे माणसाच्या फाईली डी ड्राइव्हमध्येच असणार. सी पुसला तर कुणाचं काही बिघडत नाही.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे आजी त्याला लहानपणापासून सांगत आली. ऐकतो कोण?

तर त्या मंगळवारी त्याला एका बाईंचा फोन आला.

"भाऊ, आमच्या ह्यांचा कॉम्प्युटर नऊ दिवस झाले चालू होत नाही. जरा येऊन बघता का?"

मामा तीनच्या सुमारास पोचला. दार उघडलं ते साठी-पासष्टीच्या काकूंनी. केस चापून बांधलेले, पदराला हात पुसत होत्या. बोलताना त्या मामाच्या खांद्याच्या थोडं वर बघत होत्या. मामाने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मग त्याच्या लक्षात आलं. काकूंना दिसत नव्हतं.

"चार वर्षं झाली डोळे जाऊन," त्या म्हणाल्या. "या आत. तीन पावलांवर टेबल आहे, सांभाळून."

आंधळ्या बाईने डोळस माणसाला टेबल दाखवावं, याचा मामाला राग आला. त्याला कशाचाही राग येतो.

आत सगळं जागच्या जागी होतं. फक्त स्वयंपाकघराच्या फळीवर बरण्यांना रबरं गुंडाळलेली दिसली. कुठे एक, कुठे दोन, कुठे चार. काय एकेक कचरा जमवायची सवय असते म्हाताऱ्यांना, असं मनात म्हणून मामा खोलीत गेला.

कॉम्प्युटर जुना होता. पण धूळ नव्हती. समोर एक लाकडी खुर्ची, तिच्यावर उशी.

मामाने बटण दाबलं. काही नाही.

वायर बदलली. काही नाही.

त्याने कॅबिनेट उघडलं आणि आतला एसएमपीएस काढून हातात घेतला. एसएमपीएस म्हणजे तो पत्र्याचा डबा, जो अख्ख्या मशीनला वीज देतो. त्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत यू-पिन अडकवली की आतला पंखा फिरतो. फिरला तर जिवंत, नाहीतर भंगार. मामाने पिन अडकवली.

पंखा ढिम्म.

"एसएमपीएस गेलाय," मामाने जाहीर केलं.

"असं कसं?" काकू दारात उभ्या होत्या. "रोज चार वाजता पंखा फिरतो की त्याचा. काल पण फिरला. फक्त बोलत काही नाही."

मामा हसला. अगदी दात दाखवून हसला. समोरच्याला दिसत नाही म्हटल्यावर माणूस कसाही हसतो.

"काकू, हा मेलेला आहे. मेलेला माणूस चार वाजता उठून चहा मागतो का?"

काकूंनी कान त्या डब्याकडे वळवला.

"शेजारचा मिक्सर ऐकला असेल तुम्ही."

"मिक्सर मला कळतो, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "बरं, पण एक सांगायचं होतं. ह्यांना जाऊन सहा महिने होतील. त्यात ह्यांनी..."

"काकू, मला काम करू द्या."

"नाही, पण ते कुठे ठेवलंय ते..."

"अहो, पंचवीस वर्षं हेच करतोय मी. तुम्ही बसा बघू."

त्या बसल्या. उशीच्या खुर्चीवर नाही, बाजूच्या स्टुलावर.

त्या काय सांगत होत्या ते मामाने ऐकलं नाही, म्हणून मी तुम्हाला सांगतो. काकांना घशाचा आजार होता. आवाज जाणार आणि मागोमाग आपणही जाणार, हे त्यांना कळलं होतं. आपल्यामागे या बाईचं कसं होणार, ही एकच काळजी. मग आवाज होता तोवर त्यांनी रोज थोडं थोडं रेकॉर्डिंग करून ठेवलं. घरात काय कुठे आहे, कशाला काय खूण केली आहे, कोणावर विश्वास ठेवायचा, कोणाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. प्रत्येक फाईलला नंबर. अट एकच, दिवसाला एक फाईल ऐकायची, दुपारी चार वाजता. एकदम ऐकून संपवायचं नाही.

काकूंनी एकशे त्रेसष्ट ऐकल्या होत्या. मग मशीन बंद पडलं.

उरलेल्या फाईलींसाठी त्यांनी मामाला बोलावलं होतं. त्यांच्या नवऱ्याचा उरलेला आवाज तेवढाच होता.

आणि हा शहाणा पिशवीतून दुसरा एसएमपीएस काढून स्क्रू पिळत बसला होता.

नवा डबा लावल्यावर मशीन चालू झालं आणि लांब बीप वाजली. म्हणजे रॅम नीट बसलेली नाही. मामाने रॅमची पट्टी काढली, खिशातल्या खोडरबराने तिचे पिवळे दात घासले, परत बसवली. स्क्रीन आली. विंडोजची खूण आली. आणि अडकली. परत चालू केलं, परत तिथेच अडकली.

मामाने डिस्क आपल्या लॅपटॉपला लावून पाहिली. डी ड्राइव्ह उघडला. त्यात फोटो होते, कसली तरी पत्रं होती, भरपूर होतं. माणसाचा माल सुखरूप आहे म्हणजे झालं. सी ड्राइव्ह उघडून बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत.

फॉरमॅट मारला.

पावणेचारला नवं विंडोज चालू झालं. निळी, कोरी स्क्रीन.

"घ्या काकू. झाला तुमचा कॉम्प्युटर."

काकूंचा चेहरा असा उजळला की मामालासुद्धा क्षणभर बरं वाटलं. त्या उठल्या, चाचपत आल्या, पहिल्यांदाच त्या उशीच्या खुर्चीवर बसल्या. घड्याळाचा काच नसलेला डायल बोटांनी बघितला. चारला दोन मिनिटं कमी होती. चार होईपर्यंत त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

मग त्यांनी एक बटण दाबलं. मग एन्टर.

काही झालं नाही.

परत दाबलं.

"भाऊ... बोलत नाहीये."

"काय बोलायला पाहिजे?"

"ह्यांचं फोल्डर. स्क्रीनवर वरच्या डाव्या कोपऱ्यात पहिलंच आहे. मला सोपं जावं म्हणून त्यांनी तिथेच ठेवलं होतं."

"स्क्रीनवर?" मामाने कोऱ्या स्क्रीनकडे पाहिलं. "म्हणजे... डेस्कटॉपवर?"

डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मामालाही माहीत होतं, पंचवीस वर्षं.

मग काकूंनी सगळं सांगितलं. या वेळी मामाने ऐकलं.

आणि खोटं बोलला.

"व्हायरस होता काकू. मी यायच्या आधीच सगळं खाल्लं होतं त्याने."

काकूंनी मान त्याच्या दिशेने वळवली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "खोटं बोलताना तुम्ही श्वास रोखता."

मामाची मान खाली गेली. "डिस्क घेऊन जातो," तो कसाबसा म्हणाला. "पुसलेलं परत काढता येतं कधी कधी. प्रयत्न करतो."

त्याने कॉम्प्युटर बंद केला. भिंतीतला प्लग उपटला. डिस्क काढून पिशवीत टाकली.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं...

पंखा थांबला नव्हता.

प्लग त्याच्या हातात होता. वायर जमिनीवर लोळत होती. आणि उघड्या कॅबिनेटमध्ये पंखा फिरत होता.

"कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज राहतो," मामा मोठ्याने म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

चार्ज दोन सेकंद राहतो. फार तर पाच. मामाने मनात साठपर्यंत मोजलं. मग त्याने नव्या डब्याच्या सगळ्या वायरी बोर्डातून उपटल्या.

पंखा फिरतच होता.

काकू त्या आवाजाकडे कान देऊन बसल्या होत्या. चेहऱ्यावर भीती नव्हती. "बघा," त्या म्हणाल्या. "मिक्सर आहे का हा?"

मामा चपला हातात घेऊन जिना उतरला.

दुकानात त्याने डिस्कवर होती नव्हती तेवढी विद्या लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. फाईलींची नावं मिळाली. एक ते दोनशे चौदा. पण आत काहीच नव्हतं. आवाजाचा एक कण नाही. त्याच्यावर नवं विंडोज बसलं होतं, मामानेच बसवलेलं.

म्हणजे एक्कावन्न फाईली उरल्या होत्या आणि त्या कायमच्या गेल्या होत्या.

मामाने डिस्कची वायर काढली. डिस्क टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली. काकूंना काय सांगायचं याचा विचार करत बसला. आता तो त्यांना गाढव म्हणू शकत नव्हता. गाढव कोण ते ठरलं होतं.

चार वाजले.

टिक...

टिक... कर्रर्र...

वर्तमानपत्रावर ठेवलेली डिस्क फिरू लागली. वायर नाही, वीज नाही. खालचा कागद थरथरत होता.

मग फळीवरच्या स्पीकरमधून कोणीतरी खोकलं. तो स्पीकर दुरुस्तीला आला होता. त्याची वायर मामाने सकाळीच कापून ठेवली होती.

"एकशे चौसष्ट," एक थकलेला, घोगरा आवाज म्हणाला. "अगं, ऐक. कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचा चौकोनी डबा आहे. त्यात पन्नास सुया दोरा ओवून ठेवल्यात. काळा दोरा डावीकडे, पांढरा उजवीकडे. बटण तुटलं की शेजारणीकडे जाऊ नकोस. ती उपकार मोजते."

पुन्हा खोकला. मग शांतता. डिस्क थांबली.

तुम्हाला वाटेल मामा घाबरला. पण खरं सांगायचं तर त्याला आधी भीती नाही, रागच आला. कोणीतरी आपली गंमत करतंय म्हणून त्याने अख्खं दुकान पालथं घातलं. काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या आधी त्याने मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. डिस्क फिरली, आवाज आला. "एकशे पासष्ट. अगं, ऐक..." नंतर मोबाईलवर ऐकलं तर नुसता पंखा फिरल्याचा आवाज होता.

त्या संध्याकाळी मामा काकूंकडे गेला.

"काकू, कपाटाच्या खालच्या खणात बघा. बिस्किटांचा डबा."

काकू आत गेल्या. बऱ्याच वेळाने येऊन बसल्या. मांडीवर डबा होता आणि त्या सुयांवरून बोटं फिरवत होत्या. एक, दोन, तीन... टोचल्या तरी थांबत नव्हत्या.

"डोळ्यांना कमी दिसायचं त्यांनाही," त्या म्हणाल्या. "पन्नास सुया कशा ओवल्या असतील हो?"

मामाने डब्याचं झाकण उचलून बाजूला ठेवलं.

"म्हणजे फाईली मिळाल्या? मग मला ऐकवा ना."

या वेळी मामाने श्वास रोखला नाही. जे होतं ते सांगितलं. फॉरमॅट त्याने मारला हे सांगितलं. चार वाजता काय होतं तेही सांगितलं. काकूंनी ना शिव्या दिल्या ना त्या घाबरल्या.

"माझ्याकडे आता पंखा फिरत नाही," त्या एवढंच म्हणाल्या. "तुमच्याकडे येतात तर. मग तुम्हीच येऊन सांगायचं. रोज. आणि नुसतं सांगू नका, भाऊ. ते म्हणायचे तसं म्हणा. आधी नंबर. मग 'अगं, ऐक'."

"मी? मी कसं म्हणू?"

"पुसलं कोणी?"

मामाने स्टूल ओढलं आणि बसला.

तेव्हापासून हा माणूस, ज्याने पंचवीस वर्षांत कोणाची दोन वाक्यं ऐकली नव्हती, तो रोज चार वाजता दुकानाचं शटर अर्धं ओढून कान देऊन बसू लागला. एक शब्द चुकला तर परत ऐकायची सोय नव्हती. मग सहाला काकूंकडे जाऊन स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "एकशे अठ्ठ्याहत्तर. अगं, ऐक." मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेला दोन, हे त्यालाही कळलं. कचरा नव्हता तो. काकांचं प्रेम होतं, आणि मामाने त्याला नाक मुरडलं होतं.

मामी म्हणायची, "हल्ली बोलायच्या आधी खोकता का हो तुम्ही?" मामा म्हणायचा, "धूळ."

एक्कावन्नाव्या दिवशी शेवटची आली.

"दोनशे चौदा. अगं, ऐक. सगळं सांगून झालं. उद्यापासून चार वाजता खिडकी उघडून बस आणि रस्त्याचे आवाज ऐक. माझी वाट बघू नकोस. तुला सगळं जमतंय."

मामाने ते जसंच्या तसं म्हटलं. म्हणताना रडला. काकू रडल्या नाहीत. त्यांनी मामाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आता अगदी त्यांच्यासारखं म्हणता."

मामाला वाटलं, सुटलो.

डिस्क त्याने काकूंना परत दिली. त्यांनी ती कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली, सुयांच्या डब्याशेजारी.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मामा दुकानात एका गिऱ्हाईकाचं मशीन खोलून बसला होता. एसएमपीएस बाहेर काढलेला. बोर्ड बाहेर काढलेला. नुसता पत्र्याचा सांगाडा आणि त्यात अडकलेला एक पंखा.

पंखा फिरू लागला...

आणि फळीवरच्या त्या स्पीकरमध्ये कोणीतरी खोकलं.

"दोनशे पंधरा. अगं, ऐक. दुकानाची दुसरी किल्ली बंद पडलेल्या प्रिंटरच्या कागदाच्या ट्रेमध्ये आहे."

ती किल्ली मामाने तिथे लपवलेली आहे. हे मामीलाही माहीत नव्हतं. जगात कोणालाच माहीत नव्हतं.

आणि हा आवाज काकांचा नव्हता.

मामाचा होता.

हे मला मामाने स्वतः सांगितलं. माझ्यासमोर बसून, खाली बघत. "भाच्या, तू हसशील," म्हणाला. मी हसलो नाही. आता आकडा दोनशे चाळीसच्या पुढे गेलाय. कितीपर्यंत जाणार, हे त्याला माहीत नाही. काकांना तरी स्वतः बोलून ठेवता आलं. मामाने तर कधी काही रेकॉर्ड केलंच नाही. मी त्याला नेऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे.

मीही एकदा चार वाजता त्याच्याबरोबर दुकानात बसलो. मला काही ऐकू आलं नाही. फक्त पंखा फिरताना दिसला. आणि मामा मान हलवत होता, पाठ करत असल्यासारखा.

परवा मामीचा फोन आला. मामीला यातलं काही माहीत नाही, आम्ही सांगितलेलं नाही. ती हसत होती.

"अरे, तुझ्या मामाला वेड लागलंय. काल स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांना रबरं लावत बसला होता. मिठाला एक, साखरेला दोन. विचारलं तर बोलेना."

मी म्हटलं, "लावू दे गं."

"लावू दे, माझं काय जातंय. बरं, ते असू दे. तू चष्मा कुठे केलास रे? हल्ली मला मोबाईलची अक्षरं जरा पुसट दिसतायत."